आलं का?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेलं मनोगत)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'तंत्रज्ञान आणि आपलं रोजचं जगणं'. वीस मिनिटं दिली आहेत. गणिताच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यामुळे मी वेळेत संपवणार आहे. फळ्यावर 'बडबड करणाऱ्यांची नावं' या यादीत आपलं नाव लिहिलं जाईल ही भीती सेहेचाळिसाव्या वर्षीही गेलेली नाही.

आज इथे येताना रस्ता पाठ असूनही सवयीने फोनवर नकाशा लावला. त्यातली बाई कापूरबावडीला म्हणाली, "बाल्कमच्या दिशेने सरळ जा." रिक्षावाले काका आपल्या गावातलेच. ते म्हणाले, "हिला सांगा, आधी बाळकुम म्हणायला शिक, मग रस्ता दाखव." मी हसले, पण आतून जरा चपापले. इंग्रजी पाटीवर ळ लिहिता येत नाही, आणि त्या बाईला ळ कुणी शिकवलेला नाही. शिकवणारे कोण? माझ्यासारखेच लोक. मी गेली चोवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते.

आपलं बाळकुम किती बदललंय ते मी सांगायला नको. आपण शाळेत होतो तेव्हा नाक्यापलीकडे भाताची शेतं होती. पावसाळ्यात रस्त्यावर खेकडे यायचे आणि कशेळीच्या पुलावरून भिवंडीकडे जाणाऱ्या ट्रकचा आवाज रात्री घरात ऐकू यायचा. आज नाक्यावर मेट्रोचे खांब उभे आहेत आणि वर मान केल्याशिवाय इमारतींचे मजले मोजता येत नाहीत. पण मी आज इमारतींबद्दल बोलणार नाही. मी दोन शब्दांबद्दल बोलणार आहे. ते शब्द आहेत, "आलं का?"

आठवतंय? आमच्या घरी टीव्ही आला १९८८च्या दिवाळीत. वडील कळवा कारशेडला होते. दिवाळीचा बोनस आणि पतपेढीचं थोडं कर्ज मिळून तो घेतला. लाकडी खोक्याचा, सरकत्या दाराचा, कुलूप लागणारा टीव्ही. आदल्याच महिन्यात, म्हणजे २ ऑक्टोबर १९८८ला, दूरदर्शनवर 'महाभारत' सुरू झालं होतं. ते २४ जून १९९०पर्यंत चाललं. पावणेदोन वर्षं दर रविवारी सकाळी आमच्या घरासमोर चपलांचा ढीग असायचा.

आणि ऐन वेळी मुंग्या यायच्या. मग बाबा कौलांवर चढायचे आणि अँटेना फिरवायचे. मी दारात उभी, आई टीव्हीसमोर. वरून बाबा ओरडायचे, "आलं का?" मी आत बघून विचारायची, "आलं का?" आतून चाळीस माणसं एका सुरात सांगायची, "गेलं! गेलं! जरा मागे! आलं, आलं, हात लावू नका!" कधी कधी बाबांनी हात काढला की चित्र जायचं. मग ते अर्धा एपिसोड कौलांवरच अँटेना धरून बसायचे आणि नंतर आईला विचारायचे, "काय झालं गं द्यूतात?"

त्या काळात सगळंच एकमेकांना विचारून चालायचं. पाणी आलं का, लाईट आली का, पोस्टमन आला का. आठवड्यात टीव्हीवर काय लागणार हे 'साप्ताहिकी' बघून कुणीतरी वहीत लिहून घ्यायचं आणि बाकीचे त्याला विचारायचे. फोन नाक्यावरच्या वाण्याकडे. फोनसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे. मग पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. रात्री उशिरा दर कमी व्हायचा, म्हणून जेवणं उरकून लोक तिथे रांगेत उभे राहायचे. काचेच्या आत बोलणाऱ्याला वाटायचं की बाहेर ऐकू जात नाही. सगळं ऐकू जायचं! गाण्यांची कॅसेट भरून घ्यायची तर दुकानदाराला यादी द्यावी लागायची. तो यादी वाचून म्हणायचा, "ही दोन गाणी भिकार आहेत, त्याऐवजी ही घे." तोही एक सल्लागारच होता. आज तेच काम कंप्युटर करतो, फक्त तो 'भिकार' म्हणत नाही. १९९१ला 'माहेरची साडी' लागला तेव्हा आमच्या आळीतल्या अकरा जणी एकत्र टीएमटीने ठाण्याला गेल्या होत्या. आल्यावर आठवडाभर विहिरीवर दुसरा विषय नव्हता.

आता इथपर्यंत ऐकून तुम्ही सगळे माना हलवताय. किती छान दिवस होते! मीही गेली काही वर्षं असंच म्हणत होते. असं म्हणणारे मेसेज आपल्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी येतात, आणि त्यातले अर्धे मीच पाठवलेले असतात. पण ते दिवस छान होते एवढंच सांगायला मी आज उभी नाही.

मी इंजिनिअरिंगला गेले १९९६ला. आदल्याच वर्षी, १९९५च्या १५ ऑगस्टला, भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं होतं आणि ३१ जुलैला पहिला मोबाइल कॉल झाला होता. तेव्हा आलेल्या कॉललाही पैसे पडायचे. कॉलेजातून २००० साली बाहेर पडले आणि थेट नोकरीला लागले. तेव्हापासून मी काय करते? आई लोकांना सांगते, "कंप्युटरवर असते." खरं सांगायचं तर मी खिडक्या बंद करते. काउंटरच्या खिडक्या. पैसे काढायला, बिल भरायला, अर्ज करायला आधी खिडकीपाशी जाऊन आतल्या माणसाला विचारावं लागायचं. तो "जेवणाची सुट्टी" म्हणाला की परत फिरायचं. आम्ही असे कार्यक्रम लिहितो, की माणसाला माणसाला विचारावं लागू नये. नोंदणी, लॉगिन, ओटीपी, पैसे भरणं. आमच्या ऑफिसात एकच मंत्र आहे, वापरणाऱ्याच्या वाटेतला अडथळा काढा. आणि विचारावं लागणं हा सगळ्यात मोठा अडथळा.

मला या कामाचा अभिमान आहे, आणि तो खोटा नाही. २०१६ला यूपीआय सुरू झालं. २०२३च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यात हजार कोटींहून जास्त व्यवहार त्यावर झाले. आपल्या नाक्यावरची मासळीवाली मावशी आता सुट्ट्या पैशांसाठी कुणाचं तोंड बघत नाही. आमच्या वेळी मुलीला मुलाचा फोन आला तर वाण्यापासून आजीपर्यंत सगळ्यांना कळायचं. माझ्या मुलीच्या वाट्याला ते आलं नाही आणि त्याचा मला आनंद आहे.

२०२०च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा मी आईकडे, बाळकुमलाच होते. बाबा आदल्या वर्षी गेले होते. मुलगी आणि नवरा घोडबंदर रस्त्याच्या घरी, आणि मी इथे अडकले. बाहेर सगळं शांत. जूनमध्ये आपल्याकडे ग्लोबल हबच्या इमारतीत हजारावर खाटांचं कोविड रुग्णालय उभं राहिलं आणि रुग्णवाहिकांचे आवाज सुरू झाले. त्या दिवसांत दूरदर्शनने जुनी 'रामायण' आणि 'महाभारत' पुन्हा दाखवायला घेतली होती. आई आणि मी रोज बघायचो. आता चित्र एकदम स्वच्छ, मुंगी नाही, कौलांवर कुणी नाही.

द्यूताचा एपिसोड लागला होता. आई मधेच म्हणाली, "ती खिडकीतली मुलगी कुठे असते गं हल्ली?"

मला लगेच कळलं ती कुणाबद्दल बोलतेय. आणि मला लगेच कळलं याचीच मला लाज वाटली.

आमच्या घराच्या रस्त्याकडच्या खिडकीत एक मुलगी उभी राहून टीव्ही बघायची. ती आपल्याच वर्गात होती. आज ती या सभागृहात आहे. तिला विचारून, तिने हो म्हटल्यावरच मी हे सांगते आहे, आणि तिच्या इच्छेप्रमाणे नाव घेत नाही. आत चाळीस माणसं मावायची, पण तिला कुणी आत बोलावलं नाही. माझ्या आजीला ते चालत नसे. का चालत नसे ते मी इथे फोड करून सांगायला नको, आपण सगळे याच गावात वाढलो आहोत. मला तेव्हा काही कळत नव्हतं असं मी म्हणाले तर ते खोटं होईल. मी दहा-अकरा वर्षांची होते. वर्गात तिच्याशेजारी बसायचे, तिच्या वहीतली गणितं बघून लिहायचे. आणि रविवारी पहिल्या रांगेत, पंख्याखाली बसायचे. मागे वळून बघायचे नाही.

आई म्हणाली, "मी सासूबाईंना काही बोलले नाही. बोलायला हवं होतं."

मी आपल्या ग्रुपवरून तिचा नंबर घेतला. तीन दिवस फोन करायचं धाडस झालं नाही. केला तेव्हा ती आधी खूप हसली. म्हणाली, "अगं, खिडकीतून चित्र चांगलं दिसायचं. पावसाळ्यात तेवढा त्रास व्हायचा." मग जरा थांबून म्हणाली, "एक सांगू? तुम्ही सगळे ग्रुपवर टाकता ना, तेव्हा अख्खं गाव एका टीव्हीसमोर बसायचं, किती प्रेम होतं वगैरे. ते वाचून मी काही लिहीत नाही. पहिल्या पगारात मी छोटा टीव्ही घेतला. तेरा हप्त्यांत. तो घरी आला त्या दिवशी मी दार आतून लावून घेतलं आणि एकटी बघत बसले. काय लागलं होतं ते आठवत नाही. कुणाच्या खिडकीत उभं राहायचं नव्हतं, एवढंच आठवतं."

मित्रांनो, त्या दिवसापासून मी ते सकाळचे मेसेज पाठवणं बंद केलं. विचारावं लागणं ही गोष्ट सगळ्यांसाठी सारखी नसते. मला वाण्याकडे फोन मागताना संकोच वाटत नव्हता, कारण वाणी मला नाही म्हणणार नव्हता. जिला नाही ऐकावं लागतं, तिच्यासाठी स्वतःचा टीव्ही, स्वतःचा फोन, स्वतःच्या नावाचं खातं या चैनीच्या वस्तू नव्हत्या. मी करते ते काम तिच्यासाठी चांगलंच आहे, असं मला त्या दिवशी पक्कं वाटलं.

पुढच्या वर्षी लसीकरण सुरू झालं. नोंदणी फोनवरून. एका मोबाइल नंबरावर चारच नावं घालता यायची. आळीतले सगळे ज्येष्ठ माझ्याकडे येऊ लागले. मी लॅपटॉप घेऊन गॅलरीत बसायचे, समोरच्या घरातल्या काकींचा नंबर टाकायचे आणि ओरडायचे, "काकी, ओटीपी आला का?" काकी आतून, "काय आलं का?" "आकडे, आकडे आले का?" "आले! चार, सात… थांब, चष्मा!" आई आतून हसत म्हणाली, "तुझे बाबा कौलांवर बसलेत असं वाटतंय." मलाही मजा वाटली. पण मजा वाटत होती ती मला. काकींच्या चेहऱ्याकडे मी नीट बघितलं नव्हतं.

आता मी माझी गोष्ट सांगते, जी सांगायला मला सगळ्यात जड जातंय.

आईला बाबांचं कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. ते चालू राहायला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे मी जिवंत आहे असं कळवावं लागतं. पूर्वी बँकेत जाऊन साहेबांसमोर सही करायची. २०१४पासून हे डिजिटल पद्धतीनेही करता येतं. बोटाचा ठसा दिला की झालं. ही सोय उत्तमच आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उचलून रांगेत न्यावं लागत नाही.

२०२२च्या नोव्हेंबरात आई ठसा द्यायला गेली. पन्नास वर्षं भांडी घासून, मासळी साफ करून, तांदूळ निवडून तिच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या आहेत. यंत्राने ठसा घेतला नाही. तीन वेळा, चार वेळा. तिथला मुलगा म्हणाला, "आजी, उद्या या." ती दुसऱ्या दिवशी गेली. पुन्हा तेच. मागे रांग होती. ती घरी आली आणि तिसऱ्यांदा गेलीच नाही.

पेन्शन थांबलं. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. तीन महिने. आणि तिने मला सांगितलं नाही.

मी पंचवीस मिनिटांवर राहते. दर रविवारी जात होते. तिच्या हातचं जेवून, डबा भरून घेऊन परत येत होते. डाळ जरा पातळ झाली आहे, दूध अर्धा लिटर कमी येतंय, हे मला दिसलं नाही. माझा धंदाच लॉगिनचा. माणसाची ओळख यंत्राला कशी पटवायची हे मी दिवसभर करते. आणि माझी स्वतःची आई जिवंत आहे हे यंत्राला पटत नव्हतं, ते मला कळलं मार्चमध्ये.

कुणी सांगितलं? शेजारच्या इमारतीतल्या आठवीतल्या मुलाने. तो आपल्याच शाळेत शिकतो. मला जिन्यात भेटला आणि म्हणाला, "मावशी, आजीचं पेन्शन सुरू होईल आता. काल मी आणि आजीने केलं." ठशाऐवजी चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय २०२१मध्ये आली आहे. ते या पोराने शोधून काढलं होतं. फोनसमोर बसायचं, उजेड चेहऱ्यावर हवा, सांगितलं की डोळ्यांची उघडझाप करायची. त्याने आईला खिडकीपाशी बसवलं आणि सगळं वीस मिनिटांत झालं. पुढच्या महिन्यात थकलेल्या पैशांसकट पेन्शन जमा झालं.

मी घरात जाऊन आईवर चिडले. हो, चिडले. "मला का नाही विचारलंस? मी हेच काम करते ना!"

आई शांतपणे म्हणाली, "तुला विचारलं की तू फोन माझ्या हातातून काढून घेतेस. टकटक करतेस आणि परत देतेस. म्हणतेस, झालं. मला काय झालं ते कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा विचारावं लागतं. मग तू म्हणतेस, मागच्या वेळी दाखवलं होतं ना. तो पोरगा फोन माझ्याच हातात ठेवतो."

बाईंनी मला दहावीत गणितात एकदा शून्य दिलं होतं, उत्तर बरोबर असून. रीत लिहिली नव्हती म्हणून. त्या दिवशी मला दुसऱ्यांदा शून्य मिळालं.

दुसऱ्या रविवारी मी एक प्रयोग केला. आम्ही बनवलेला एक लॉगिनचा पडदा आईच्या फोनवर लावला आणि घड्याळ घेऊन बाजूला बसले. हात मांडीखाली ठेवले, नाहीतर ते पुढे जातात. आईने नंबर टाकला. ओटीपी आला. ती चष्मा शोधायला उठली. मेसेज उघडला. सहा आकडे एका कागदावर लिहिले. परत आली तर आधीचा पडदा सापडेना. सापडला. एकेक आकडा बघून टाकला. लागली तीन मिनिटं दहा सेकंदं. आम्ही मुदत ठेवली होती दोन मिनिटं. पडद्यावर लाल अक्षरांत आलं, 'वेळ संपली, पुन्हा प्रयत्न करा.' आईने फोन उलटा करून ठेवला आणि म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असणार."

ती दोन मिनिटं कुणी ठरवली होती? मी. कशावरून? एका बैठकीत कुणीतरी दोन म्हणालं आणि कुणी हरकत घेतली नाही. त्या बैठकीत सगळे चाळिशीच्या आतले होते.

सोमवारी ऑफिसात गेल्यावर मी तो विषय काढला. सुरक्षेचं पथक म्हणालं, मुदत वाढवली तर चोराला जास्त वेळ मिळतो. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. महिनाभर वाद झाला. शेवटी मुदत पाच मिनिटं झाली, चुकीचे आकडे किती वेळा टाकता येतील यावर आणखी कडक बंधन आलं, आणि त्या लाल अक्षरांच्या जागी आम्ही लिहिलं, 'नवे आकडे पाठवले आहेत. सावकाश टाका.' चोवीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ मोठमोठी कामं केली आहेत. हे बहुतेक सगळ्यात चांगलं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. माझी मैत्रीण आणि माझी आई, दोघींची गोष्ट मी बरीच वर्षं उलटसुलट करून बघते आहे. एकीला विचारावं लागत होतं म्हणून ती खिडकीबाहेर राहिली. दुसरीला विचारता येत नव्हतं म्हणून ती घरातल्या घरात बाहेर राहिली. जुने दिवस परत आणून पहिलीचं भलं होणार नाही, आणि नवीन अ‍ॅप काढून दुसरीचं होणार नाही. आम्ही खिडक्या बंद केल्या ते बरंच झालं. पण खिडकीमागे एक माणूस असायचा, तोही आम्ही उठवून पाठवला. तो कधी खेकसायचा, कधी जेवायला जायचा, पण आईच्या बोटाचा ठसा उमटला नाही तर तो म्हणाला असता, "अहो, या बसल्यात की समोर!" विचारायची सक्ती कुणावर नको. पण ज्याला विचारावंसं वाटतं, त्याला लाज न वाटता विचारता येईल असं एक माणूस हवं.

म्हणून एक मागणं घेऊन आले आहे. मुख्याध्यापकांशी माझं बोलणं झालं आहे. दर शनिवारी दुपारी चार ते साडेपाच शाळेतला एक वर्ग आपल्याला मिळेल. आठवी-नववीतली मुलं आणि आपल्यापैकी दोघं-तिघं तिथे बसतील. गावातलं कुणीही फोन घेऊन यावं आणि विचारावं. गॅसचं बुकिंग, विजेचं बिल, हयातीचा दाखला, नातवाचा फोटो मोठा कसा करायचा, काहीही.

नियम तीन. पहिला, फोन येणाऱ्याच्याच हातात राहील. आपण हात मांडीखाली ठेवायचे. दुसरा, पिन आणि ओटीपी कुणी कुणाला विचारायचा नाही, सांगायचा नाही, कितीही ओळख असली तरी. आणि कुणाची फसवणूक झालीच असेल तर आधी त्याला ओरडायचं नाही, आधी १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन लावायचा, कारण पहिले काही तास महत्त्वाचे असतात. आणि तिसरा, तीच गोष्ट दहाव्यांदा विचारली तरी 'मघाशी सांगितलं ना' हे वाक्य त्या वर्गात उच्चारायचं नाही.

आणखी एक. त्या वर्गाचं दार रस्त्याकडे उघडतं. ते उघडं ठेवायचं, आणि दारात किंवा खिडकीत कुणी घुटमळताना दिसलं तर उठून जाऊन त्यांना आत बोलवायचं. हे काम मी माझ्या मैत्रिणीवर सोपवणार होते. ती म्हणाली, "ते तू कर. मी आत बसून शिकवते, माझं गणित तुझ्यापेक्षा चांगलं होतं." बाईंनी मान हलवली, म्हणजे ते खरं आहे.

पहिला शनिवार पुढच्या आठवड्यात. मला सहा नावं हवी आहेत. चहाच्या टेबलावर वही ठेवली आहे, त्यात लिहा. ग्रुपवर अंगठा दाखवू नका, वहीत लिहा. आई पहिल्या दिवशी येणार आहे. तिला गावाच्या नावातला ळ फोनवर कसा लिहायचा ते शिकायचंय, कारण ती म्हणते, तिच्या फोनवर तो अजून आलेला नाही. मी तिला सांगितलं आहे, की मी समोर बसून फक्त विचारणार, "आलं का?"